वरच्या अंगाचं पाणी

शोभाला हे माहीत नाही. मुलीला नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या माझ्या जुन्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे हेही काही धैर्य नव्हेच.

आधी गाडीचं सांगतो. पन्नाशी उलटल्यावर मला मोटारसायकल शिकायचं वेड लागलं. डांबरी रस्त्यावरची नव्हे. जंगलातून, रेतीतून, गोट्यांवरून न्यायची ती उंच, जड गाडी. सडक अर्जुनीच्या ज्युनिअर कॉलेजात मी भूगोल शिकवत होतो. जन्मभर नद्या फळ्यावर काढल्या, गुडघाभर पाण्यात काही उतरलो नाही. वाटलं, आता तरी. गोंदियाचे राजूभैया — राईस मिलवाले, हौशी माणूस — दर रविवारी इटियाडोह धरणाकडच्या जंगलवाटांवर आम्हा पाच-सहा जणांना शिकवायचे. सगळे माझ्याहून तरुण. मला 'सर' म्हणायचे.

एका रविवारी शोभा डबा घेऊन सोबत आली. माझी बायको. आरोग्यसेविका होती ती. राजूभैयांनी गमतीत तिला आपल्या दुसऱ्या गाडीवर बसवलं — "भाभीजी, बैठ के तो देखो." तिचे पाय जेमतेम जमिनीला टेकत होते. तरी ती फूटरेस्टवर उभी राहिली आणि कोरड्या नाल्याची सगळी रेती पार करून गेली. मी त्याच रेतीत सकाळपासून दोनदा आडवा झालो होतो.

आश्चर्य वाटायला नको होतं. नव्याण्णव साली नोकरीला लागल्यापासून ती लशीची पेटी मागे बांधून मोपेडवर गावोगाव फिरत होती — धानाच्या बांध्यांमधून, पावसाळ्यातल्या चिखलातून. त्या मोपेडला मी 'तुझी शिलाई मशीन' म्हणायचो. ती हसायची.

मग ती दर रविवारी येऊ लागली. आणि दर रविवारी राजूभैयांचं एक वाक्य ठरलेलं — "सर, भाभीजी को देखो." मी पाहायचो. काय करणार? घरी आल्यावर माझ्या गुडघ्याला गरम मिठाची पुरचुंडी लावता लावता ती सांगायची, "तुमी गोट्याकडेच पाहून राहता, म्हून गाडी त्याच्यावरच जाते. जिकडे जायचं आहे तिकडे पाहा ना." बरोबर होतं तिचं. मी म्हणायचो, झोप येतेय.

लग्नाला पंचवीसहून जास्त वर्षं झालेली. नवऱ्याने बायकोचा हेवा करावा? तोही रेतीत गाडी चालवण्यावरून? हसू येतंय ना तुम्हाला? मलाही येतं कधीकधी — मग पुढचं आठवतं.

पावसाळा सरल्यानंतरचा रविवार होता. नवेगावकडच्या जंगलात एक नाला लागतो, त्याला अजून पाणी होतं. मागे एकाची गाडी पंक्चर झाली म्हणून राजूभैया आणि बाकीचे तिथेच थांबले. त्याच्या आधीच मी सगळ्यांसमोर पडलो होतो. चढावर, विनाकारण. गाडी उचलायला पहिली शोभाच धावली. कोणीतरी मागून म्हणालं, "सर, मागे बसा ना मॅडमच्या." सगळे हसले. ती नाही हसली, पण मला ते तेव्हा दिसलंच नाही.

राजूभैयांनी मला पुढे जाऊन पाणी बघून यायला सांगितलं. गाडी अलीकडे लावून मी काठी घेऊन पायीच उतरलो. खालच्या अंगाला पाणी गोट्यांवरून खळखळत होतं, घोट्याएवढं. वरच्या अंगाला मात्र संथ, गढूळ. तिथे काठी घातली तर कमरेपर्यंत आत गेली. कोणीतरी रेती काढून नेलेली, त्याचा खड्डा. मी पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात शोभा आली. एकटीच.

गाडी चालूच ठेवून तिने हाताने खालच्या अंगाकडे दाखवलं. भुवया उंचावल्या — इथून घेऊ?

मी हात हलवला. वरून. वरून ये.

पाहा, लिहून झालं. वाटलं होतं त्याहून किती लहान वाक्य आहे.

तिला इजा व्हावी असं मनात नव्हतं. एकदा पडावी. भिजावी. एवढंच हवं होतं. पण 'एवढंच' म्हणायचा हक्क मला कोणी दिला? क्षणभर ती घुटमळली, पाण्याकडे पुन्हा पाहिलं — आणि मग माझ्याकडे पाहून गाडी वर वळवली. पुढचं चाक आत गेलं, गाडी तिच्या पायावर कोसळली. तिची किंकाळी ऐकून मागचे धावत आले. मी तिच्यापर्यंत पोचलो होतो, पण माझ्या एकट्याने गाडी उचलेना.

उजवा घोटा मोडला होता. गोंदियाला ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसवली. आणि इथे, खरं तर इथेच, माझा खरा गुन्हा आहे. नाल्यावरचा क्षण रागाचा होता असं एखादा म्हणेल. हा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शुद्धीवर होती, शांत होती. मी खाटेजवळ बसलो होतो. मीच सांगणार होतो, शब्द जुळवत होतो — तेवढ्यात तीच म्हणाली, "तुमी वरून नको म्हून हात करून राहिले होते ना? मले उलटंच समजलं. मीच येडी."

तिने दार उघडून दिलं होतं. मी काय म्हणालो?

"हो," म्हणालो. वर हेही म्हणालो — "किती हात केले मी."

पुढे तिची फिरती बंद झाली, उरलेली नोकरी दवाखान्यात बसून गेली. थंडीत पाय ओढत चालते. मोपेडही विकली. मी मात्र पुढची दोन वर्षं रविवारी जात राहिलो, आणि मला नीट चालवताही येऊ लागलं. डबा तीच भरून द्यायची. पाहुणे आले की ती हसत हसत गोष्ट सांगते, "हे बिचारे नको नको म्हून राहिले, अन् मी शहाणी, घुसली!" लोक माझ्याकडे कौतुकाने पाहतात. मी चहा पितो.

गेल्या हिवाळ्यात तिच्या जागी आलेली नवी सिस्टर घरी आली. चोविशीची पोरगी. म्हणाली, "मॅडम, खेड्यावरच्या रस्त्यांची मले लय भीती वाटते. तुमी इतकी वर्षं गाडी चालवली, मले शिकवा ना."

शोभाने तिच्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाली, "मी काय शिकवू, बाई? मले पाण्याचा अंदाजच नाही."

पोरगी चहा घेऊन निघून गेली. शोभाचा अंदाज बरोबर होता — वीस वर्षं बरोबर होता, त्या रविवारीही बरोबर होता. हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो आतल्या खोलीत वालाच्या शेंगा सोलत बसून राहिला.