नाना, काकू आणि ती जपानी बाई

लाकडावर चित्र कोरताना जसा चुरा पडतो, तसे आमच्याकडे किस्से पडतात. झाडून काढले तरी पुढच्या रविवारी तेवढेच!

दौलतगंजात नानांच्या पुढच्या खोलीत आम्ही तिघं जमतो. मी बँकेतली, शुभदा शाळेतली आणि मनीष सिटी सेंटरच्या कुठल्याशा ऑफिसातला. नाना रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. लाकूड कोरून, शाई लावून कागदावर छाप घ्यायला शिकवतात. भिंतीवर एका जपानी सुंदरीचा छाप आहे. लांबट चेहरा, उघडी मान, कानशिलावरचा केस न् केस वेगळा. शेजारच्या भाभी पहिल्यांदा आल्या, तेव्हा बराच वेळ बघून म्हणाल्या, "मास्टरजी, बहू तो बड़ी सुंदर है. मायका कहाँ का है?"

*

नाना एकदा सांगत होते की अशा बायकांचे छाप जहाजातून पॅरिसला पोचले आणि तिथले चित्रकार वेडेच झाले. आपापल्या बायकांना किमोनो घालून बसवायला लागले!

मनीष म्हणाला, "बीवियाँ कुछ बोलीं नहीं?"

"तिथलं माहीत नाही. इथली बोलली होती. म्हणाली, हिला रोज बघता, माझं कधी काढाल? मी म्हटलं, रिटायर झाल्यावर."

काकू गेल्या वर्षी गेल्या. तेव्हा नानांना रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती.

*

तर आता नाना काकूंना कोरतायत. हात थरथरायला लागलाय, म्हणून वर्षश्राद्धाच्या आत व्हायला हवं म्हणतात. पण हाताला सवय त्या जपानी बाईची! गोल चेहऱ्याच्या काकू दर वेळी लांबट निघायच्या. एकदा दोरीवर पाच छाप वाळत होते.

"पाच जणी आल्या," नाना म्हणाले, "तेवढी ती सोडून."

*

कागद लाकडावर घासायला नाना भाताचा लाकडी चमचा वापरतात. काकूंच्या वेळी तो गुपचूप परत जागेवर जायचा. एकदा पाहुण्यांच्या पानात निळसर भात पडला. काकू शांतपणे म्हणाल्या, "घ्या ना, आज जपानी बेत आहे!"

चमचा अजून निळाच आहे. आता कुणी रागवत नाही, याचंच नानांना वाईट वाटतं.

*

सहाव्या छापात चेहरा जरा जमला. नानांनी पुण्याच्या मुलीला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, "बाबा, आईचे केस एवढे दाट कधी होते?"

"तू उशिरा जन्मलीस!"

*

मागच्या रविवारी मात्र काकू आल्या. तोच गोल चेहरा, तीच हनुवटी, नाकात चमकी. मला तर रडूच आलं.

मग मनीष ओरडला, "नाना, ये तो उल्टा छप गया!"

छापात डावं-उजवं पालटतं, म्हणून चित्र आधी उलटं करून लाकडावर घ्यायचं, हा नानांचाच पहिला धडा. नाना स्वतःच विसरले होते! काकूंची चमकी डावीकडे असायची, छापात ती उजवीकडे आली होती.

शुभदा हळूच म्हणाली, "नाना, परत कोरू या. मी मदत करते."

नानांनी कागद खिडकीपाशी नेला.

"नको. घरात एवढी माणसं, समोरून बघायची सोय कुठे होती? ती वेणी घालायला बसायची, मी मागे पेपर धरून. सगळा जन्म आरशातच बघितली तिला. अशीच होती."