गयाचं डांगर

नवऱ्याला हे मी सांगितलं नाही, लेकीला नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच नाही. प्रार्थनेतसुद्धा — हसू नका — प्रार्थनेतसुद्धा मी या गोष्टीला बगल देऊन पुढं सरकते. देवाला काय, सगळं दिसतंच, असं म्हणायचं आणि डोळे मिटायचे. आज तुमच्यापुढं बसलेय. का, ते मलाही धड माहीत नाही.

मी शहरात, छावणी भागात राहते. शाळेत शिकवून निवृत्त झाले. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घ्यायचे, अजूनही घेते. काय शिकवत असेन? देवाची माया सगळ्यांसाठी आहे. सगळ्यांसाठी म्हणजे कुणाकुणासाठी? — असं मी विचारायचं आणि पोरं बाकावरून ओरडायची, गरिबासाठी, चोरासाठी, शेजारच्या काकूसाठी! मग एकेकाला लिमलेटची गोळी. इतकं सोपं होतं ते.

माझ्या आईनं हेच काम गोळ्यांशिवाय केलं. ती गंगापूरकडच्या खेड्यातली. लग्नानंतर ख्रिस्ती झाली. तिची सख्खी बहीण, माझी मावशी, बुद्धाच्या वाटेनं गेली. त्यावरून दोघींचं कधी वाजलं नाही. मावशीची मुलगी गया माझ्याहून सात वर्षांनी लहान. उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो की अंगणात आई मधे, एका बाजूला मी, एका बाजूला ती. आई सांगायची, देवाच्या मायेला कुंपण नसतं, जो येईल त्याचा तो. गया विचारायची, "माझा बी?" आई म्हणायची, "तुझा बी." दर रात्री तेच विचारायची, मेली. मला राग यायचा का? थोडा यायचा. आता खोटं कशाला बोलू.

खोटं नंतर बोलले.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. अकरा वर्षं झाली. सुगीनंतर आमच्यात कापणीचा सण असतो. शेतातलं, परसातलं पहिलं जे निघालं असेल ते आणून वेदीपुढं ठेवायचं. कणसं, ऊस, कुणाची कोंबडी, काहीच नसेल तर चार भाकरी. कुणी काय आणलं ते पाळकसाहेब नाव घेऊन मोठ्यानं वाचतात. हे सगळं गयाला फोनवर मीच सांगितलं होतं, अगदी चवीनं. तिनं ते मनात धरून ठेवलं असेल, हे मला कसं कळावं?

त्या वर्षी दारात नावं लिहायला मी होते. आणि आत, तिसऱ्या बाकावर, माझ्या लेकीला बघायला आलेले बाहेरगावचे पाहुणे बसले होते. मोठं घर, दोन डॉक्टर. त्यांनी आमचं मूळ गाव विचारलं होतं, तेव्हा मी छावणीच म्हणून सांगितलं होतं. खेडं, आईचं माहेर, गावकुसाबाहेरची ती घरं — काही नाही. जणू आम्ही इथंच उगवलो.

आणि फाटकातून हाक आली — "आक्का!"

गया. एसटीनं आलेली, पुढं पायी. घोट्यापर्यंत धूळ, डोक्यावर पदर, आणि कडेवर लेकरू घ्यावं तसा हा एवढा लाल भोपळा. आमच्याकडं त्याला डांगर म्हणतात. "मावशीनं दिलेल्या बियाचं हाय," ती म्हणाली — तिची मावशी म्हणजे माझी आई. "वेलाला पयलं हेच धरलं. लिही माझं नाव."

मी उठले. तिचा हात धरला. तिला वाटलं, आत न्यायला धरलाय. मी तिला परत फाटकाकडं नेलं.

सांगते. थांबा जरा.

मी म्हणाले, गया, इथं बाहेरच्यांचं घेत नाहीत. आत पण बसू देत नाहीत. नियम आहे.

असा नियम नव्हता. कधीच नव्हता. फाटकासमोरचे फळवाले चाचा दरवर्षी केळ्यांचा घड पाठवतात, त्यांचं नाव तर सगळ्यांत आधी वाचतात. तो घड त्या वेळी आत टेबलावरच होता.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. "व्हय का? मला नव्हतं ठावं," एवढंच म्हणाली. आत पेटी सुरू झाली, गाणं उचललं गेलं. तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "येवढं गाणं होईस्तोवर हितंच उभी राहू का?" मी म्हणाले, एसटी चुकेल. पाणीसुद्धा विचारलं नाही हो मी तिला. ती डांगर कडेवर घेऊन निघाली, वळणावर एकदा थांबली, भोपळा दुसऱ्या कडेवर घेतला आणि गेली. मी आत जाऊन गाणं म्हटलं. सूर अजिबात चुकला नाही माझा.

सोयरीक जुळली. पुढं एकदा विहीणबाईंनीच हसत हसत सांगितलं की त्यांचे वडील लोकांची गुरं वळायचे. मी कुणाला घाबरले होते?

दरवर्षी नावं वाचली जातात आणि मी कान देऊन बसते. न लिहिलेलं नाव कसं ऐकू येणार? तरी बसते. मला ती हवी आहे हो. माझ्या शेजारी, त्याच बाकावर, तशाच धुळीच्या पायांनी. तिनं मोठ्यानं, बेसूर गावं आणि सगळ्यांनी वळून बघावं. एका फोनचं तर काम आहे. पण फोन हातात घेतला की जीभ रेटत नाही. काय सांगू — नियम नव्हता गं, मीच होते?

फोन तीच करते, दर नाताळाला, न चुकता. पहिली काही वर्षं विचारायची, "आक्का, नियम बदलला का गं?" मी म्हणायचे, नाही गं, अजून नाही. मग तिनं विचारणं सोडलं.

गेल्या नाताळाला इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाली, "मावशी म्हनायची, देव सगळ्यांचा असतो. लई भोळी होती बिचारी. तिला नियम ठावं नसंल."

आई आयुष्यात खोटं बोलली नाही.

"हो," मी म्हणाले. "तिला माहीत नसेल."