रिशेंद एर्मेलिनमायशी भांडली तेव्हा

मोर्वोच्या मठात तीस वर्षं झाडलोट करणारी रिशेंद तशी तोंडाची तिखट. पाणचक्कीवाल्याला तिने कधी सोडलं नाही, पाद्रीबुवांना सोडलं नाही. मठाच्या मोठ्या आई, म्हणजे मठाधिकारीण ओदिएर्न, एकदा चिखलाच्या पायांनी देवळात आल्या तर त्यांनाही म्हणाली, "अहो आई, ही फरशी काय माझ्या बापाने पुसायची?" सगळ्या गावात एकीपुढेच तिचा आवाज खाली यायचा, आणि ती एकी मरून चारशे वर्षं झाली होती.

ती म्हणजे संत एर्मेलिन. गावाची एर्मेलिनमाय. तिच्या अस्थींची पितळी पत्र्याने मढवलेली पेटी वेदीवर असायची आणि ती पुसायचा मान रिशेंदचा. पुसता पुसता बोलणं चालायचं. "काल मेंढी व्यायली गं माय, जुळी झाली. पायाचं दुखणं तेवढं बघ जरा, तुला काय सांगायचं, तुझेही सांधे धरलेलेच की." हे खरंच होतं. माय मोठ्या जहागीरदाराची लेक. बापाने मनाविरुद्ध लग्न ठरवलं तशी या दलदलीत पळून आली. बाप शिपाई घेऊन शोधायला आला तेव्हा तीन दिवस गळ्याइतक्या पाण्यात लव्हाळ्यात उभी राहिली, पण हाती लागली नाही. पुढे तिने इथे मठ उभा केला. गारठलेले गुडघे मात्र जन्मभर वाकले नाहीत. मग ही मठाची मालकीण उभ्याउभ्याच प्रार्थना करायची आणि उभ्याउभ्याच महारोग्यांसाठी सातूची पेज ढवळायची. रिशेंदला वाचता येत नव्हतं, पण ही कथा तिला स्वतःच्या आईच्या कथेसारखी पाठ होती.

त्या वर्षी कापणी संपली आणि गढीवाल्या ओजिएने रिशेंदची एकुलती एक पोर उचलून नेली. पेरोनेल, सतरा वर्षांची, ओढ्यावर अंबाडी भिजवायला गेली होती. ओजिएचं म्हणणं असं की पोरीचा मेलेला बाप आपल्या गढीचं बांधील कूळ होता, म्हणून पोरगीही आपली. साफ खोटं! आई मठाची तर लेकरू मठाचं, हे मोर्वोतलं शेंबडं पोरही सांगेल. पण ओजिएकडे घोडे होते, भाले होते. त्याने निरोप पाठवला, दुसऱ्या रविवारी पोरीचं लग्न माझ्या डुकरं राखणाऱ्याशी लावतो. एकदा ते झालं की ती गढीचीच, आणि तिची लेकरंही.

मठाकडे भाले नव्हते, पण एक उपाय होता. घरातलं कर्तं माणूस हातपाय हलवत नसेल तर त्यालाच धारेवर धरायचं. धर्मभगिनींनी एर्मेलिनमायची पेटी वेदीवरून काढली, उघड्या फरशीवर गोणपाटावर ठेवली आणि भोवती काटेरी फांद्या रचल्या. मेणबत्त्या विझवल्या. मोठ्या दारालाही काटे लावले. ये-जा करायला मागचं दार तेवढं उघडं. माय आपल्या माणसांचं रक्षण करीपर्यंत तिला मान नाही, दिवा नाही. रोज सगळ्या भगिनी उपाशीपोटी फरशीवर पालथ्या पडून तिला जाब विचारू लागल्या.

रिशेंद हे बघून कळवळली. माझ्या पोरीपायी हिला शिक्षा? हिच्या गुडघ्यांना गार फरशी?

सात दिवस गेले. गढीवरून काही हालचाल नाही. शुक्रवारी देवळाची व्यवस्था बघणाऱ्या माबिलताई काटे सारखे करायला वाकल्या आणि किंचाळल्याच. गोणपाटाखाली मऊ मेंढीचं कातडं होतं, आणि पेटीच्या बाजूचे काटे एकेक करून मोडलेले.

"रिशेंद! हा तुझा उद्योग?"

"टोचत होते हो तिला."

"अगं टोचायलाच घातलेत! आम्ही इथे आठवडाभर पोटाला चिमटा काढून ओरडतोय आणि तू तिला गादी घालून देतेस? मग ती कशाला उठेल? मस्त झोपली असेल!"

रिशेंदच्या पायाखालची जमीन सरकली. लग्न परवावर आलं होतं आणि पोरीच्या वाटेत धोंडा टाकला होता तो आईनेच. तिने कातडं ओढून काढलं, परसात गेली, हेझलच्या झुडपाची एक जाड काठी तोडली आणि परत आली. पेटीपुढे उभी राहिली. मग तिने काठी हाणली.

"ऊठ! ऐकतेस का? तीस वर्षं तुझी धूळ पुसली मी, तुझ्याकडे कधी काही मागितलं? गुडघ्याचं मागितलं, तेही तू दिलं नाहीस, मी काही बोलले नाही!" आणखी एक तडाखा. "तुझा बाप आला तेव्हा तुला लपायला पाणी होतं. माझ्या पोरीला काय आहे? नको त्याच्या गळ्यात बांधणं म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक नाही? तुला ठाऊक नाही तर मग कुणाला ठाऊक आहे, सांग ना! कसली गं तू माय? लाज वाटते का काही?"

हा आवाज बाजारापर्यंत गेला. रिशेंद एर्मेलिनमायला मारतेय म्हटल्यावर गाव लोटलं. आधी सगळे हादरून उभे राहिले. मग लोहाराची म्हातारी पुढे झाली, तिने आपली काठी फरशीवर आपटली. "खरं बोलतेय ती. ऊठ गं माय!" मग एकेकाने जे हाताला लागेल ते घेतलं, कुणी खराटा, कुणी दांडकं. शनिवारीही तेच. फरशी नुसती दणाणत होती.

ओजिए शनिवारी दुपारी दोन गडी घेऊन गंमत बघायला आला. मागच्या दारात हसत उभा राहिला. आत रिशेंद घामाने निथळत होती, घसा बसला होता, तरी बोलतच होती. "आज उठली नाहीस ना, तर मी तुला पाठुंगळीला घेऊन गढीवर नेईन आणि त्याच्या दारात आपटेन. मग तू जाणे आणि तो जाणे!"

तेवढ्यात कुणीतरी वळून बघितलं. मग सगळ्यांनीच. काठ्या थांबल्या. ओजिएच्या चेहऱ्यावरचं हसू जागीच विरलं. दोनशे माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या मागे काट्यांत ती पेटी. चारशे वर्षांत तिला इतकं कुणी डिवचलं नसेल. ती उठली तर पहिली कुणाकडे येईल, हे समजायला फार अक्कल लागत नव्हती.

"संतालासुद्धा न सोडणारी बाई," तो एका गड्यापाशी पुटपुटला, "माझी काय गत करेल? जा, तिची पोरगी आणून दे. आणि लवकर जा."

दिवस मावळायच्या आत पेरोनेल आली. गावाने तिला अक्षरशः उचलून आत आणलं. मोठ्या आईंनी काटे काढवले, दिवे लावले, म्हणाल्या, "चला, मायला वर बसवू. रिशेंद, तू धर."

रिशेंद खांबामागे उभी होती. "माझे हात नकोत तिला लागायला, आई. मी मारलंय तिला."

"म्हणूनच तू धर."

पेरोनेल आईकडे धावली, तर रिशेंदने तिला हातानेच थांबवलं. "थांब बाळा, जरा थांब." ती गुडघे धरत पेटीपाशी खाली बसली. पत्र्यावरून तळवा फिरवत राहिली. एका जागी पितळ चेपून खोलगट झालं होतं, तिथे हात थांबला.

"लागलं का गं माय?" ती म्हणाली, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडली.