सत्काराआधीचा गिलावा

जुन्या घरांच्या मालकांना घर टिकवायला मदत करणं हे आमच्या समितीचं काम, असं तिच्या पत्रकावर छापलेलं होतं. प्रत्यक्षात आम्ही त्यांचे सत्कार करायचो. सत्काराला गवंडी लागत नाही आणि फोटो लगेच येतो.

सांगवीच्या गावठाणात एक घर होतं. दगडी जोतं, चुन्याचा गिलावा, सागवानी तुळया. मालक कंपनीतून निवृत्त झालेले, गावच्या जुन्या शेतकरी कुटुंबातले. सगळे त्यांना दादा म्हणत. मागची भिंत ओलीनं फुगली होती आणि धाकटा भाऊ बिल्डरला होकार द्यायला टपला होता. घर आमच्या यादीत असल्यामुळे पाडायला आमची परवानगी लागायची, तेवढ्या आधारावर दादांनी त्याला पावसाळ्यापर्यंत थांबवलं होतं. "समिती गवंडी देनार हाय, चुन्याचं काम जाननारा," असं ते त्याला सांगत. असा गवंडी आमच्या सल्लागार बाईंच्या ओळखीत होताही. पण आधी सत्कार, मग गवंडी, हा आमचा क्रम.

अध्यक्षांनी माझ्यासमोरच दादांना फोन केला. "पाहुणे मोठे आहेत. दर्शनी भाग जरा नीटनेटका करून घ्या, काय?"

"व्हय साहेब. काळजीच करू नका."

मोठा माणूस दारात येणार म्हटलं की आपल्याकडे घराला रंग लागतोच. दादांनी तेच केलं, फक्त जास्त मनापासून. चुना खरवडून काढला, सिमेंटचा गिलावा केला, वर बदामी ऑइलपेंट. सत्काराच्या सकाळी घर पतपेढीच्या नव्या शाखेसारखं चकाकत होतं.

पाहुणे हिंजवडीच्या कोंडीतून उशिरा पोहोचले आणि घराकडे पाठ करून वारशाबद्दल बराच वेळ बोलले. शाल, श्रीफळ, टाळ्या. सल्लागार बाई तेवढ्या भिंतीवर बोटानं टकटक करत होत्या.

पुढच्या बैठकीत त्या म्हणाल्या, मूळ गिलावा गेला, सिमेंटमुळे ओल आतच कोंडणार. मदत फक्त मूळ स्वरूपातल्या घरांना, म्हणून दादांचं घर यादीतून बाद.

"पण हे आपणच करायला लावलं," मी म्हणालो.

"मी नीटनेटकं म्हणालो होतो," अध्यक्ष म्हणाले. "सिमेंट म्हणालो नव्हतो."

हे अक्षरशः खरं असल्यामुळे इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं. दादांना कळवायला मला पाठवलं.

ते ओट्यावर बसले होते. भाऊ खाली मोटारसायकल पुसत होता.

"म्हंजी गवंडी येनार न्हाई?"

"नाही."

"पाव्हन्यांनी तर जाताना हात फिरवला भिंतीवरनं. झकास म्हनले."

भाऊ हसला. "पाऊस आला की शाल टाक भिंतीवर. मानाची हाय, गळायची न्हाई."

दादा त्याच्यावर चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते नव्या रंगाकडे बघत राहिले.

"यादीतनं नाव गेलं, म्हंजी पाडायला आता तुमची परवानगी लागत न्हाई?"

"नाही लागत."

"बोलव त्या बिल्डरला उद्या," ते भावाकडे न बघताच म्हणाले. मग मला विचारलं, चहा घेणार का.