गस्तीला न गेलेला माणूस

धुळ्याच्या एका कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवायचो. शांतता राखायला देशांची आघाडी उभी राहते, तिच्यात सामील व्हायला एखादा देश नकार का देतो, हा प्रश्न परीक्षेला हमखास यायचा. म्हणून मी तो घोटून घ्यायचो. एक, सैन्य आपलं आणि हुकूम दुसऱ्याचा. दुसरं, शांततेच्या नावाने गेलेलाही शेवटी कोणाच्या तरी बाजूने उभा दिसतो. आणि तिसरं, ज्या शेजाऱ्याशी उद्या बोलायचंय, त्याच्या दारात आज बंदूक घेऊन जाता येत नाही. हे तिसरं कारण माझं लाडकं. ते सांगताना माझा आवाज चढायचा. मागच्या बाकावरची मुलं तरीही पेंगतच असायची.

बायकोची नोकरी जळगावला, त्यामुळे ती आणि मुलं तिकडेच. शनिवारी दुपारी एसटी धरायची, सोमवारी पहाटे परत. मधले दिवस भाड्याच्या एका खोलीत. एकटेपणाला मी वाचन म्हणायचो. खरं तर बोलायला एकच माणूस होता, गल्लीच्या तोंडाशी गाद्या भरणारे चाचा. संध्याकाळी ते अंगावरचा कापूस झटकत, बशीत चहा ओतत आणि विचारत, "काय सर, असोद्याला यंदा कपाशी कशी?" असोदा माझं गाव. शेतकऱ्याचा मुलगा असून मला त्यातलं काही कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या अर्ध्या तासावर माझा दिवस निघायचा.

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात लांबच्या शहरांतून दंगलीच्या बातम्या यायला लागल्या. आमच्याकडे काही झालं नव्हतं, पण दुकानं बंद झाली, एसटी थांबली. शांतता राखायला गल्लीने गस्त काढायचं ठरवलं. घरटी एक माणूस, हातात काठी. निरोप घेऊन घरमालक नाना आले.

"गस्तीत चाचांच्या वस्तीतलं कोणी आहे का?" मी विचारलं.

नानांनी नकारार्थी मान हलवली.

"मग मी नाही येत."

"सर, बठ्ठा येतस, एकूणएक. तुम्हले भ्याव वाटस का?"

मी त्यांना तिसरं कारण ऐकवलं. उद्या चाचांच्या ओट्यावर चहा प्यायचा तर आज त्यांच्यासमोर काठी घेऊन कसा उभा राहू? नाना निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून मी नळावर गेलो की बोलणी थांबायची. नानांच्या घरून अधूनमधून येणारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी बंद झाली. राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. जळगावलाही जाता येईना. चाचांचं दुकान उघडलं की आधी काय सांगायचं, तेवढं घोकत मी ते दिवस काढले.

दुकान उघडलं त्या संध्याकाळी कॉलेजातून थेट तिथेच गेलो. चहा यायच्या आतच म्हणालो, "चाचा, मी गस्तीला गेलो नाही हं." शाबासकीच हवी होती मला.

"मालूम आहे," चाचा म्हणाले. "परवा संध्याकाळी बीवीला दम लागला. औषध आणायला निघालो, तर गस्तवाल्यांनी कोपऱ्यावर अडवलं. मारलं नाही, खोटं कशाला बोलू? नाव विचारलं आणि घरी जा म्हणाले. ओळखतात सगळे, पण कोणी ओळख देईना."

"मग औषध?"

"सकाळी आणलं. आता बरी आहे ती." त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो सर. म्हटलं, तुम्ही कुठे दिसता का."

ती तिन्ही कारणं मला आजही बरोबर वाटतात. पण चाचांना अडवलं त्या संध्याकाळी मी तिथून हाकेच्या अंतरावर होतो. खोलीला आतून कडी लावून, चाचांच्या बाजूने बसलो होतो.