बॉयलरसमोरचा रंग

जोतीराम मूळचा वरकुट्याचा. बारामतीत भिगवण रस्त्याला त्याचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. जड कॅमेरा खांद्यावर घेऊन लग्नाच्या गर्दीत उलटं चालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण रंगाचं म्हणाल, तर कॅसेटवर उमटेल ते उमटेल, त्याला इलाज नाही, असं तो गिऱ्हाइकाला सरळ सांगायचा.

अठ्ठ्याण्णव साली कळलं, की पुण्यात एका स्टुडिओत कॉम्प्युटरवर रंग सुधारतात. झालं, पस्तिशी ओलांडलेला हा गडी दर मंगळवारी एसटीनं पुण्याला शिकायला जाऊ लागला. शिकवणाऱ्या रश्मीताई वयानं लहान, पण कडक. पहिल्याच दिवशी त्यानं माऊस असा काही ओढला, की पडद्यावरची नवरी जांभळी झाली.

“आधी चित्रातलं पांढरं शोधा,” रश्मीताई म्हणाल्या. “ते पांढरं दिसलं, की बाकीचे रंग जागेवर यायला लागतात.”

“आन् माणसाचं तोंड?”

“ते सगळ्यात शेवटी. तिथंच चुकतात सगळे.”

पुढच्या वर्षी त्यानं स्वतःचा कॉम्प्युटर घेतला. त्याच सुमारास भवानीनगरहून ताईबाई आल्या. त्यांचा नवरा भानुदास साखर कारखान्यात बॉयलरवर होता. उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेला. त्यांच्या छकुलीच्या लग्नाची कॅसेट जोतीरामनंच काढली होती.

“जयभीम, भाऊ. ह्या कॅसेटीतच तेवढं ते बोलत्यात, हसत्यात,” ताईबाई म्हणाल्या. “पन समदं पिवळं दिसतंय, कावीळ झाल्यावानी.”

मांडवाचं कापड पिवळं होतं आणि त्यातून दुपारचं ऊन गळत होतं. नवरीची पांढरी साडीसुद्धा हळदीत बुडवल्यासारखी आली होती. जोतीरामनं पांढरं म्हणून ती साडीच धरली आणि कामाला लागला. बुद्धमूर्तीमागचा निळा पडदा निळा झाला, मेणबत्तीची ज्योत वेगळी दिसू लागली. शेवटी भानुदासचा चेहरा त्यानं मन लावून उजळवला आणि ताईबाईंना बोलावणं धाडलं.

ताईबाई बघत राहिल्या. “रंग झ्याक आल्यात. पन हे कोन?”

“भानुदासराव की!”

“आमचं मालक एवढं गोरं कवा व्हतं? त्यांचा जल्म बॉयलरम्होरं गेला.”

जोतीरामला राग आला. तोंड उजळलं म्हणून आजवर कुणी तक्रार केली नव्हती. उलट नवरी गोरी करून द्या, म्हणूनच लोक मागं लागायचे. तरी त्यानं खुर्ची ओढली. “बसा, ताई. तुमीच सांगा.”

ताईबाई सांगत गेल्या, तसा जोतीराम रंग बदलत गेला. “आजून काळं. न्हाय, राखेवानी नगं. गालावर तांबूस हाय बघा, जाळाम्होरं उभं ऱ्हाऊन आलेलं.” मध्येच चेहरा विटकरीसारखा झाला. जोतीरामनं सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली.

पडद्यावर भानुदास एका पाहुण्याला हाताला धरून जेवायला ओढत होता. त्यानं मान वळवली आणि हसला.

“व्हय,” ताईबाई म्हणाल्या. “हेच. आता कशाला हात लावू नगा.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. जोतीराम चहा सांगायचं निमित्त करून बाहेर गेला.

गोरं करून द्या म्हणणारे पुढंही येत राहिले. कुणाला तो समजवायचा, कुणाचं ऐकायचा. दुकान चालवायचं होतं. पण चेहऱ्याच्या रंगाला हात घालण्याआधी घरातलं कुणीतरी शेजारी बसवायचं, ही सवय त्याला जडली ती जडलीच.