तीन पुस्तकांची सरासरी

लग्नानंतर मी बहारीनला गेले ती संख्याशास्त्राची पदवी ट्रंकेत साड्यांच्या तळाशी घालून. नवरा मनामात एका बँकेत होता. गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटखाली केरळी वाण्याचं दुकान होतं, शेजारी गुजराती खानावळ, त्यामुळे खाण्यापिण्याचं अडत नव्हतं. अडलं होतं ते माझ्या हुशारीचं. ती कोणावर वापरावी हे कळेना. पहिले सात-आठ महिने मी ती नवऱ्यावर वापरली. मग त्यानेच कुठूनतरी बातमी आणली की परदेशी लोकांच्या एका रायफल क्लबाला आठवड्यातून तीन सकाळी टायपिस्ट हवी आहे.

क्लब म्हणजे झल्लाकच्या रस्त्यापासून थोडं आत, वाळवंटात उभी केलेली दोन खोल्यांची पत्र्याची शेड आणि समोर निशाणांमागे वाळूचा उंच बांध. पोलिसांचा परवाना, कुलपं, नोंदवह्या, सगळं मात्र चोख. सेक्रेटरी एक उंच इंग्रज इंजिनियर होता. भांडार सांभाळायला साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार होते. फौजेत त्यांचं आयुष्य बंदुका दुरुस्त करण्यात गेलं होतं. ते इंग्रजी बोट ठेवून, एकेक शब्द जोडत वाचायचे. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी हेरली आणि मनातल्या मनात त्यांना माझ्या खालच्या पायरीवर बसवून टाकलं.

क्लबातले काही सभासद काडतुसं स्वतः भरायचे. उडवून रिकामी झालेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू ओतायची, वर गोळी दाबायची. कोणत्या गोळीला कोणती दारू किती, याची पुस्तकं मिळतात. दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या स्वतः उडवून, नळीतला दाब मोजून ती छापतात. माप ग्रेनमध्ये असतं. एक ग्रेन म्हणजे सोनाराची अर्धी गुंज, फार तर. हे सगळं मी सासरी कौतुकाने कळवलं. ‘मी दारूच्या मापांचे तक्ते टाइप करते,’ असं लिहिलं. सासऱ्यांचं उत्तर उलट टपाली आलं. त्यात मुलाच्या प्रकृतीची बारकाईने चौकशी होती.

सेक्रेटरी रजेवर विलायतेला जाताना मला एक साधं काम सांगून गेला. पुस्तकांना सभासदांचे तेलकट हात लागतात, तेव्हा नेहमी लागणारी पानं जशीच्या तशी टाइप करून ठेव. मी पुस्तकं उघडली. ती तीन होती, आणि एकाच काडतुसाला, एकाच वजनाच्या गोळीला, एकाच दारूचे तीन पुस्तकांत तीन वेगळे आकडे. मला हा निव्वळ गबाळेपणा वाटला. एवढ्या मोठ्या कंपन्या, आणि एकमत नाही! माझी पदवी ट्रंकेतून आपली आपण वर आली. मी तिन्ही आकड्यांची सरासरी काढली.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण तक्ता एका कागदावर मावेना. मग मी गाळागाळ केली. प्रत्येक ओळीत दोन आकडे होते. सुरुवात किती दारूने करायची तो एक, आणि ज्याच्या पुढे जायचं नाही तो दुसरा. शेवटी जायचंय तिथेच, तर सुरुवातीचा रकाना कशाला, म्हणून तो काढला. गोळी कोणत्या कंपनीची, पुंगळी कोणाची, टोपी कुठली, हेही मला पाल्हाळ वाटलं. जे उरलं ते इतकं देखणं दिसत होतं की मी त्याला दुहेरी चौकट घातली. त्याच्या सात प्रती सभासदांना धाडल्या आणि मूळ कागद भिंतीवर लावला. खाली सेक्रेटरीच्या नावापुढे ‘करिता’ लिहून लफ्फेदार सही केली.

दोन दिवसांनी हवालदार भिंतीसमोर उभे दिसले. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग चारही टाचण्या एकेक करून काढल्या. मला राग आला. मी त्यांना सरासरी म्हणजे काय ते समजावलं. वेगवेगळ्या मोजमापांतल्या चुका एकमेकींना कशा खाऊन टाकतात, हे पेन्सिलीने आकृती काढून दाखवलं. त्यांनी उभ्यानेच सगळं ऐकून घेतलं.

“ताई,” ते म्हणाले, “ह्यो आकडा कुनी उडवून बघितलाय?”

मी म्हटलं, तिन्ही पुस्तकांचा आधार आहे त्याला.

“त्ये तीन आकडे तिघांनी उडवून बघितल्यात. ह्यो चौथा कुनी?”

त्यांनी तिन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी उघडली, ओळीखाली पोलादी पट्टी धरली आणि मला मोठ्याने वाचायला सांगितलं. आकडे नाही, आकड्यांच्या आजूबाजूचं. मी वाचत गेले. एकात गोळी एका कंपनीची, दुसऱ्यात दुसऱ्या. वजन तेच, पण लांबी आणि घडण वेगळी. एकाची पुंगळी जाड, म्हणजे आत जागा कमी आणि दाब जास्त. टोप्या तीन जातीच्या. चाचणीच्या बंदुकांच्या नळ्यासुद्धा वेगळ्या. पाल्हाळ म्हणून मी जे जे गाळलं होतं, नेमकं तेच ती पुस्तकं पानोपानी सांगत होती.

“तीन आजारी मानसं हायती,” हवालदार म्हणाले. “डाक्टरनं तिघांला तीन डोस दिले. तुमी तिन्ही डोस एका बाटलीत कालवून सारखं वाटून दिलं.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा होता. तीन आकडे वेगळे असतील तर त्यांची सरासरी सगळ्यात लहान आकड्याहून मोठीच येणार. म्हणजे त्या पुस्तकातली गोळी ज्याच्याकडे असेल, त्याला मी मर्यादेच्या पलीकडे नेत होते. आणि खालून सावकाश चढत यायची पायरी मीच काढून टाकली होती.

हवालदारांनी एवढंच विचारलं की प्रती किती वाटल्या. मी सात म्हटल्यावर त्यांनी क्लबच्या पिकअपची किल्ली उचलली.

त्या दुपारी आम्ही कागद गोळा करत बेटभर हिंडलो. रस्ताभर मी बोलत होते आणि ते गाडी चालवत होते. माहूजमध्ये तीन घरं झाली. एकाने माझा तक्ता कपाटाच्या खणात अंथरला होता. दुसऱ्याच्या मुलीने मागच्या बाजूला उंट काढला होता. तिसऱ्याने पाकीटच फोडलं नव्हतं. पुढच्या तिघांनाही तो आठवायला वेळ लागला. एरवी माझा पाणउतारा झाला असता; त्या दिवशी प्रत्येक वेळी मला हायसं वाटत होतं.

सातवा सभासद झल्लाकला समुद्राकाठी राहणारा एक दंतवैद्य होता. काडतुसं भरायला तो नुकताच शिकला होता. दार उघडताच त्याने माझं मनापासून अभिनंदन केलं. म्हणाला, पुस्तकांनी माझा गोंधळ व्हायचा, तुझ्या तक्त्याने सगळं सोपं झालं. त्याने वीस काडतुसं भरून ठेवली होती, शुक्रवारी उडवायला.

हवालदारांनी गोळ्यांची पेटी मागितली आणि तिच्यावरचं लेबल मला वाचायला दिलं. गोळ्या त्याच कंपनीच्या होत्या, तीन पुस्तकांपैकी सगळ्यात लहान आकड्याच्या. मी ते वाचलं आणि दंतवैद्याला जे सांगायचं ते इंग्रजीत सांगितलं. ‘हा तक्ता चुकीचा आहे आणि तो मी केला आहे,’ एवढं वाक्य मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

हवालदारांनी पोकळ हातोडीसारखं एक हत्यार काढलं. त्यात काडतूस अडकवून लाकडावर ठोकलं की गोळी आणि दारू बाहेर पडते. वीसच्या वीस त्यांनी अशी उघडली, आणि प्रत्येकातली दारू मी तराजूवर तोलली. दंतवैद्याचा हात अचूक होता. माझा आकडा त्याने वीस वेळा तंतोतंत पाळला होता. ती दारू हवालदारांनी मूळ डब्यात परत ओतली नाही. वेगळी बरणी करून, चिठ्ठी लावून नष्ट करायला नेली.

परतताना मी विचारलं, काय झालं असतं?

“कदाचित काईच न्हाई,” ते म्हणाले. “रायफलीचा बोल्ट अडकला असता, टोपी चपटी झाली असती. पन कदाचितच्या भरवशावर कुनाच्या गालाला रायफल लावायची नसती.”

सेक्रेटरी परत आल्यावर मी माझ्या हाताने सगळं लिहून त्या तक्त्यासकट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ‘करिता’च्या सहीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. नोकरी गेली असं धरून मी पिशवी भरायला घेतली होती. पण त्याने हवालदारांना बोलावून पुढे काय करायचं विचारलं, आणि हवालदार म्हणाले की ताईंनी पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालावीत, म्हणजे तेलाचे डाग पडणार नाहीत आणि नक्कल काढायचं कारणच राहणार नाही. पदवीधर बाईने सबंध सकाळ बसून कव्हरं घातली. एक तर उलटं घातलं.

पुढे हवालदारांनी मला काडतूस भरायला शिकवलं, बहुधा मी नजरेसमोर राहावी म्हणून. टेबलावर दारूचा एकच डबा. पुस्तक उघडं, ओळीखाली पट्टी. ते बोट ठेवून एकेक शब्द वाचायचे, मी पेटीवरच्या लेबलाशी ताडून ‘हो’ म्हणायचे. गोळी, पुंगळी, टोपी, दारू. एक जरी वस्तू जुळली नाही तर काम तिथेच थांबायचं. त्यांची ती सावकाश वाचायची रीत मी अडाणीपणात मोजली होती. ते वाचायचे तसं मी आयुष्यात एक पान वाचलेलं नव्हतं.

मी माझी पहिली पाच काडतुसं पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापाने भरली आणि एका शुक्रवारी, सेक्रेटरी शेजारी उभा असताना उडवली. तीन गोळ्या वाळूच्या बांधात गेल्या. एक शेजारच्या माणसाच्या निशाणाला लागली, त्याबद्दल त्याने माझे आभार मानले. पाचवीचा पत्ता लागला नाही. हवालदारांनी निशाणाकडे पाहिलंही नाही. त्यांनी पाचही पुंगळ्या गोळा केल्या, प्रत्येकीचं बूड उन्हात धरून न्याहाळलं, टोपीच्या कडेवर अंगठा फिरवला. एकही चपटी झाली नव्हती.

“झकास,” ते म्हणाले, आणि नोंदवहीत माझ्या नावापुढे तसं लिहायला मला सांगितलं.